‘अज्ञात प्रकाशक’: इशाऱ्यांचे थर कसे चढत गेले

डाउनलोड केलेलं ॲप उघडताना येणारा इशारा दरवेळी एकाच यंत्रणेचा नसतो. कोणती यंत्रणा अडवतेय हे ओळखल्याशिवाय केलेले उपाय वाया जातात.

पहिला थर डिजिटल सहीचा. १९९६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ३ सोबत मायक्रोसॉफ्टने ऑथेंटिकोड, म्हणजे ॲपवर डिजिटल सही करायची पद्धत, आणली. फाइल कोणाच्या नावाची आणि सही झाल्यावर ती बदलली का, एवढंच सहीवरून कळतं. ॲप भलं की बुरं, हे नाही. शिवाय ते नावही फसवं निघू शकतं. जानेवारी २००१ मध्ये व्हेरिसाइन या प्रमाणपत्रं देणाऱ्या कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या नावाची दोन प्रमाणपत्रं (सही करणाऱ्याची ओळख पटवणारे डिजिटल दाखले) एका तोतयाला दिली. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक व्हायरसच्या ड्रायव्हरवर तर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या हार्डवेअर कंपन्यांच्या अस्सल सह्या होत्या, चोरलेल्या गुप्त किल्ल्या (की) वापरून केलेल्या.

दुसरा थर फाइल आली कुठून याचा. विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून (२००४) इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलला ‘झोन आयडेंटिफायर’ नावाची अदृश्य चिठ्ठी चिकटते. तीत आकडा ३ म्हणजे इंटरनेट. ही चिठ्ठी विंडोजच्या डिस्कवर नेहमी असणाऱ्या एनटीएफएस या फाइल-मांडणीवर टिकते, फॅट३२ या जुन्या मांडणीवर टिकत नाही. म्हणून पेनड्राइव्हवरून, म्हणजे बहुधा फॅट३२ वरून, आणलेली तीच फाइल दुसऱ्या मशीनवर बिनतक्रार उघडते आणि लोक ‘सही चालली’ असा चुकीचा निष्कर्ष काढतात. भरवशाच्या ठिकाणची फाइल असेल तर प्रॉपर्टीजमधलं ‘अनब्लॉक’ ही चिठ्ठी काढून टाकतं. झिप असेल तर आधी झिपच अनब्लॉक करा आणि मग उलगडा, नाहीतर आतल्या फाइलींनाही चिठ्ठी चिकटते.

तिसरा थर ओळखीचा. स्मार्टस्क्रीन ही अनोळखी ॲप अडवणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा. ते २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर थेट सिस्टिममध्ये आलं. ते फाइलची आणि प्रमाणपत्राची पत बघतं, त्यामुळे नव्या प्रमाणपत्राने केलेली सही बिनचूक असली तरी सुरुवातीला इशाऱ्याचा निळा पडदा येऊ शकतो. विकसक इथे सही पुन्हा पुन्हा तपासत बसतात. दोष सहीत नसतोच.

ॲपलने हेच थर आपल्या पद्धतीने चढवले: २००७ मध्ये लेपर्ड या मॅकओएस आवृत्तीतलं क्वारंटाइन (उतरवलेल्या फाइलवरची खूण), २०१२ मध्ये गेटकीपर (उघडण्याआधी सही तपासणारा पहारेकरी), २०१९ मध्ये कॅटालिना आवृत्तीत नोटरायझेशनची, म्हणजे ॲप आधी ॲपलकडून तपासून घेण्याची, सक्ती. ‘ॲप डॅमेज्ड आहे’ हा संदेश सगळ्यात दिशाभूल करणारा. डाउनलोड बिघडलेलं असू शकतं, पण बऱ्याचदा सही केल्यानंतर बंडलमध्ये (ॲपच्या फोल्डरमध्ये) कोणीतरी एखादी फाइल घुसवलेली असते आणि सही जुळत नाही. कंट्रोल-क्लिक करून इशारा टाळून ॲप उघडायची पळवाट २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीत बंद झाली. आता सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन ‘ओपन एनीवे’ दाबावं लागतं.

विंडोजवर जुनं इन्स्टॉलर अचानक अडू लागलं, तर आधी सहीवरचा टाइमस्टँप, म्हणजे सही कधी झाली याची नोंद, बघा. तो नसेल तर प्रमाणपत्राची मुदत संपताच सहीही बाद होते. असेल तर सही मुदतीत झाल्याचा पुरावा राहतो.