तिथीची पाऊणपट

भरतीची वेळ तोंडी काढण्याची कोकण किनाऱ्यावरची जुनी रीत. चालू पक्षाची तिथी पाऊणने गुणली की पूर्ण भरती किती वाजता ते कळते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दिवसा तसेच रात्री. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. (पंचांगात अमावास्येपुढे ३० हा आकडा असतो, इथे ती १५ धरायची.)

ठाणे, ऐरोली, वाशी इथल्या खाडीकाठच्या वर्गाला खगोलशास्त्राचा पाठ या हिशेबात आयता सापडतो. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. पृथ्वीला १२ अंश वळायला ४८ मिनिटे लागतात, म्हणून भरती दर तिथीला साधारण तेवढी लांबते. रीतीत मात्र ४५ मिनिटेच धरलेली. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ असलेल्याला तेच सोयीचे. ही तीन-तीन मिनिटे साचत पौर्णिमेला पाऊण तासाची तूट पडते. रीत सव्वाअकरा म्हणते, चंद्राच्या हिशेबाने बारा यायला हवेत. रीत चुकीची ठरवून मोकळे होण्यापेक्षा ही तूट मुलांनाच शोधू द्यावी. खरा पाठ तिथे आहे. भरती रोज ५० मिनिटे लांबते असे पुस्तकात असते, ती मग कुठून आली, असे कुणीतरी विचारतेच. तिथी सरासरी २४ तासांहून थोडी लहान असते. ५० मिनिटे येतात ती एक सोडून पुढच्या भरतीपर्यंत लागणाऱ्या २४ तास ५० मिनिटांतून.

पडताळा खाडीच देते. पाणी मुंबई बंदराकडून आत येते, त्यामुळे भरती आधी वाशीला आणि मग ठाण्याकडे पोचते. उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांतला फरक तिवरांच्या पानांवर वाळलेल्या राखाडी चिखलाच्या रेघेवरून ओळखता येतो. रेघ धक्क्यावरूनच पाहावी. खाली गाळात पाय मांडीपर्यंत रुततो.

खाडीचा काही भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. ओहोटीला रोहित उघड्या गाळावर चरतात, भरती चढली की नेरूळकडच्या तळ्यांवर जातात. ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटींची वेळही भरतीवर ठरते, म्हणून ती रोज वेगळी असते.