गॅटविक (स्थळनाम)

गॅटविक हे दक्षिण इंग्लंडमधील एका जमीनदारी शेतवस्तीचे मध्ययुगीन नाव असून आज ते मुख्यतः लंडनजवळच्या विमानतळामुळे परिचित आहे. ही वस्ती सरी परगण्यातील चार्लवुड या गावाच्या हद्दीत होती. 1974 पासून विमानतळाचा प्रदेश वेस्ट ससेक्समध्ये मोडतो. नावाची ज्ञात असलेली पहिली नोंद 1241 ची असून तीत शेवटी आजच्याप्रमाणे ‘सी-के’ नसून एकटा ‘के’ आढळतो.

नावाचा पहिला घटक प्राचीन इंग्रजीतील ‘गाट’ म्हणजे शेळी. फाटक या अर्थाच्या ‘गेट’शी त्याचा संबंध नाही. सुट्या शब्दातील दीर्घ ‘आ’ पुढे बदलत जाऊन आजचा ‘गोट’ झाला. नावात मात्र ‘ट’नंतर लगेच ‘व’ आल्याने तो स्वर आधीच ऱ्हस्व झाला होता व त्या बदलातून सुटला. दुसरा घटक ‘वीक’ हा लॅटिन ‘वीकुस’ (वस्ती) या शब्दावरून घेतलेला असून त्याचे मूळ आणि संस्कृत ‘विश्’ व ‘वेश’ (घर) यांचे मूळ एकच आहे. इंग्लंडमध्ये त्याला व्यापारी पेठ, वस्ती असे अर्थ होते. पण जनावराच्या किंवा दुधाच्या पदार्थाच्या नावापुढे तो आला की बहुधा एकाच उत्पादनाला वाहिलेले शेत समजावे. त्यामुळे गॅटविक म्हणजे शेळ्यांचे दुग्धशेत.

याच घडणीच्या इतर नावांचे लेखन अधिक अस्थिर दिसते. चिझिक, म्हणजे चीजचे शेत, इ. स. 1000 च्या सुमारास ‘सी-ई-एस-डब्ल्यू-आय-सी-ए-एन’ असे लिहिले गेले. तेथील ‘डब्ल्यू’ लेखनात टिकला, उच्चारातून गेला. उत्तरेकडील केझिकचा अर्थ तोच; त्यातील ‘क’ स्कँडिनेव्हियन उच्चाराचा परिणाम मानला जातो. सॉमरसेटमधील शॅपविक (मेंढ्यांचे शेत) 1086 च्या डूम्सडे बुकात (इंग्लंडमधील जमिनी व त्यांचे मालक यांच्या नोंदवहीत) ‘एस-ए-पी-ई-एस-डब्ल्यू-आय-सी-एच’ असे येते. ‘श’चा ‘स’ होणे ही फ्रेंचभाषक नॉर्मन लेखनिकांची सवय होती, म्हणून अशा नोंदींवरून स्थानिक उच्चार थेट ठरवता येत नाही.

गॅटविक हे नाव पुढे जमिनीबरोबर हस्तांतरित होत गेले : 1891 मध्ये तेथे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान सुरू झाले आणि 1930 मध्ये शेजारच्या धावपट्टीला परवाना मिळाला.