विजेसाठी जमीन: मुळशीच्या खाचरांपासून गावच्या गायरानापर्यंत

सौर प्रकल्पाला गायरान द्यायचं की नाही, यावरून आज कितीतरी गावांत ग्रामसभा तापतात. वाद नवा वाटतो, पण महाराष्ट्रात तो शंभर वर्षांचा जुना आहे.

1915 मध्ये खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या सह्याद्रीच्या पाण्यावर चालू लागल्या. पुढे टाटांनी मुळशी खोऱ्यात, नीला-मुळा संगमाजवळ धरण बांधायला घेतलं. पन्नासहून जास्त गावांवर पाणी येणार होतं, आणि तेही आंबेमोहोर पिकवणाऱ्या खाचरांवर. डोंगरउतारावर बांध घालून, माती धरून ठेवत खाचर तयार व्हायला पिढ्या जातात. त्याची भरपाई पैशात कशी करणार? 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे, म्हणजे मावळातले शेतकरी, धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलं. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. अनेकांच्या जमिनी सावकारांकडे अडकलेल्या होत्या, त्यामुळे मोबदल्याचा पैसाही कसणाऱ्याच्या हाती पुरता आला नाही. 1924 पर्यंत लढा मोडला आणि 1927 मध्ये मुळशीच्या पाण्यावरचं भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं.

कोयनेने हेच आणखी मोठ्या प्रमाणावर केलं. तिथल्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षांनंतरही पूर्ण सुटलेले नाहीत, हे मला अक्षम्य वाटतं. पण कोयनेने दुसरी मर्यादाही दाखवली. यंत्रांची क्षमता साडेएकोणीसशे मेगावॉटच्या घरात आहे, तरी ती चोवीस तास चालवता येत नाहीत. कृष्णा पाणीतंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. म्हणून हे पाणी जपून, मुख्यतः मागणी चढलेली असताना वापरायचं.

पवनचक्क्या आल्या तेव्हा वाटलं, जमिनीचा प्रश्न मिटला. खांबाच्या पायाला जागा ती किती लागणार! साताऱ्याचं चाळकेवाडी-वनकुसवड्याचं पठार चक्क्यांनी भरलं. पण प्रत्येक चक्कीपर्यंत रस्ता न्यावा लागतो, आणि एकीचा वारा दुसरीने अडवू नये म्हणून त्यांच्यात भरपूर अंतरही ठेवावं लागतं. चाळकेवाडीवर झालेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले. घारी-ससाण्यांची भीती उरली नाही म्हणून तिथे गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे वाढले, आणि माणूस जवळ आला तरी ते लवकर पळेनात. (या सरड्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव आपल्याच ‘सरडा’ शब्दावरून ठेवलेलं आहे.) सातबाऱ्यावर ज्याची नोंद पोटखराबा किंवा पडीक अशी होते, त्या माळावर एवढं जग नांदत असतं. मेंढपाळांना हे अभ्यासाशिवायही ठाऊक होतं. शिवाय इथला वारा जून ते सप्टेंबर जोरात असतो, पुढचे बरेच महिने चक्क्या रेंगाळतात.

सौरऊर्जेत जमिनीचा हिशेब सरळ आहे. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर, तीही सलग, सपाट आणि उपकेंद्राच्या जवळ. 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, ती शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून. रात्री दोनला बॅटरी घेऊन, सापाच्या भीतीने चाचपडत मोटार चालू करायला जाणाऱ्याला दिवसाची वीज म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. पण 2015-16 च्या कृषिगणनेनुसार राज्यातलं सरासरी खातं 1.34 हेक्टरचं आहे. पाच मेगावॉटसाठी 25 एकर म्हणजे अशी सात-आठ खाती एका तुकड्यात हवीत. ती जुळत नाहीत, म्हणून नजर गायरानाकडे जाते, आणि गुरं चारायची कुठे हा प्रश्न उभा राहतो. खासगी जमीन मात्र विकत न घेता भाड्याने घेण्याची सोय या योजनेत आहे. 2023 च्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ ठरली. मुळशीच्या मानाने हा फार मोठा फरक आहे. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो.

राहता राहिली संध्याकाळ. सूर्य मावळतो आणि घरोघरी दिवे लागतात, नेमकी तेव्हाच विजेची ओढ वाढते. त्यावर उपाय म्हणून दुपारच्या विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं. घाटघरला 250 मेगावॉटचा असा प्रकल्प चालूच आहे. यात जेवढी वीज पाणी चढवायला जाते, तेवढी परत मिळत नाही, पण वेळ साधता येते. मात्र त्यासाठी वर-खाली दोन जलाशय लागतात, म्हणजे पुन्हा घाटमाथा आणि पुन्हा दऱ्या. 2023 मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात अशा दोन प्रकल्पांचा करार झाला, भिवपुरीला 1,000 मेगावॉट आणि शिरवत्याला 1,800. शिरवत्याचा तलाव मुळात खोपोलीच्या त्या पहिल्या केंद्रासाठीच बांधलेला आहे.