पाय लंगडतो, तेव्हा चूल विझते

पावसाळा आला की आमच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. चिंब भिजलेला धावक, गुडघा फुटलेला, पोटरीवरून रक्त आणि पावसाचं पाणी एकत्र ओघळतंय, आणि खाली ठळक अक्षरात ओळ: ‘शरीर थांबतं, जिद्द थांबत नाही.’ यंदा तो एकाच दिवशी मला तिघांनी पाठवला. त्या धावकाबद्दल मला आदरच आहे. पण त्या ओळीवर विश्वास ठेवून माणसं मरू शकतात, म्हणून हा लेख.

आपण दुखापत आणि खराब हवा ही दोन वेगळी संकटं धरतो. दुखापत म्हणजे वेदना, ती सोसायची. पाऊस-वारा म्हणजे गैरसोय, तीही सोसायची. शरीराच्या हिशेबात मात्र दोन्ही एकाच खात्यावर पडतात, आणि ते खातं उष्णतेचं आहे.

चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात सरावाला गेलो होतो. चढताना समोरून वारा, आडवा पाऊस, आणि तरी अंगातून अक्षरशः वाफा निघत होत्या. उतरताना रस्त्याच्या शेवाळलेल्या कडेवर पाय मुरगळला. दुखलं, पण फार नाही. गाडी तीन किलोमीटर खाली होती, लंगडत निघालो. पंधरा मिनिटांत दात वाजायला लागले. पाऊण तासाने गाडीपाशी पोचलो, किल्ली काढायला कमरेच्या पाऊचला हात घातला, तर चेन उघडेना. चेनचं टोक दिसत होतं, दोन बोटांच्या मध्ये येतही होतं, पण चिमूट आवळली जात नव्हती. शेवटी पाऊच तोंडाशी धरून चेन दातांनी ओढली.

हवा काही बर्फाळ नव्हती, वीस अंशांच्या आसपास असेल. पाऊस तोच, वारा तोच, कपडे तेच. चढताना घाम आणि उतरताना कापरं. मधल्या काळात बदलला होता तो फक्त माझा वेग.

धावणारं शरीर ही आधी एक चूल असते. स्नायू अन्नातली ऊर्जा वापरतात तेव्हा तिचा फार तर पाव हिस्सा हालचालीच्या कामी येतो, बाकीची थेट उष्णता होते. सपाटीवर धावण्याचा एक सोपा ठोकताळा आहे: वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी. ६० किलोचा माणूस तासाला १० किलोमीटर धावला की ६०० किलोकॅलरी खर्च होतात. विजेच्या भाषेत हे साधारण ७०० वॅट झाले, म्हणजे घरातली लहान इस्त्री. हाच माणूस पाय दुखावून तीन-चार किलोमीटरच्या वेगाने चालू लागला, की खर्च तासाला १८० किलोकॅलरींवर येतो, म्हणजे जेमतेम २१० वॅट. लंगडण्यात थोडी जादा ताकद जाते हे खरं, पण त्याने मोठा फरक पडत नाही. मुरगळलेल्या घोट्याने चुलीतली दोन तृतीयांश लाकडं एका क्षणात बाहेर ओढलेली असतात.

आता दुसरी बाजू. उष्णता अंगात टिकते ती कपड्यामुळे कमी आणि कपड्यात अडकलेल्या हवेमुळे जास्त. आजीच्या गोधडीची ऊबही चिंध्यांच्या थरांमधल्या हवेची. या हवेची जागा पाण्याने घेतली की गणित पालटतं, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट सहज उष्णता वाहून नेतं. अंगालगत साचणारा गरम हवेचा पातळ थर वारा सतत उडवून नेतो, ते वेगळंच. त्यावर तिसरा खर्च बाष्पीभवनाचा. त्वचेवरचं १ लिटर पाणी सुकवायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. टी-शर्ट आणि शॉर्ट्समध्ये मिळून ३०० मिलिलिटर पाणी धरलं, तर ते अंगावरच वाळवायला १७५ किलोकॅलरी गेल्या. लंगडत चालणाऱ्याची तासाभराची जवळजवळ सगळी उष्णता नुसते कपडे वाळवण्यात खर्च! आणि पाऊस पडत असला तर ते वाळतही नाहीत.

आता थोडं गणित करू या. मला ते टाळवत नाही, कारण सगळी गंमत त्यातच आहे. कपड्यांचा उष्णतारोध मोजायला ‘क्लो’ नावाचं एकक वापरतात. शांत खोलीत बसलेल्या माणसाला साधा सूट पुरेसा वाटतो, तो साधारण १ क्लो. अंगातून निघून जाणारी उष्णता काढायची तर त्वचेचं क्षेत्रफळ गुणिले त्वचा आणि हवा यांच्या तापमानातला फरक, आणि त्याला भागिले रोध. १ क्लो म्हणजे ०.१५५ हा आकडा भागाकारात घ्यायचा. ६० किलोच्या माणसाची त्वचा सुमारे १.७ चौरस मीटर. हवा ५ अंश, त्वचा ३० अंश, म्हणजे फरक २५. भिजलेले कपडे आणि वारा मिळून रोध अर्धा क्लो उरला आहे असं धरू, म्हणजे भाजक ०.०७७५. उत्तर येतं सुमारे ५५० वॅट. धावणाऱ्याकडे ७०० वॅट आहेत. श्वासातून जाणारी उष्णता वगळली तरी त्याचं भागतं. चालणाऱ्याकडे २१० आहेत. त्याचं भागत नाही.

शरीर लगेच दोन उपाय करतं. त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे त्वचा गार पडते आणि हवेशी असलेला फरक कमी होतो. त्वचा २२ अंशांवर आली असं धरून तेच गणित पुन्हा केलं तर गळती ३७० वॅटपर्यंत उतरते. तूट राहिली १६० वॅटची, म्हणजे तासाला १४० किलोकॅलरी. ६० किलोच्या शरीराचं तापमान सरासरी १ अंशाने उतरायला साधारण ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे तासाभरात जवळजवळ पावणेतीन अंश! हातपाय आधी गार होतात, गाभा मागून, त्यामुळे काळजाचं आणि मेंदूचं तापमान इतक्या वेगाने पडत नाही. पण दिशा तीच.

दुसरा उपाय कापरं भरण्याचा. कापरं म्हणजे स्नायूंनी जागच्या जागी धावणं. त्यातून एरवी चांगली उष्णता मिळते, पण त्यालाही इंधन लागतं, आणि स्नायूंतल्या ज्या ग्लायकोजेनवर, म्हणजे साठवलेल्या साखरेवर, आपण धावतो त्यातलंच ते बऱ्याच अंशी येतं. पंचवीस किलोमीटर धावून झालेल्या माणसाच्या फडताळात ते फारसं शिल्लक नसतं. शिवाय गार पडलेला स्नायू आकुंचनाला सुस्त होतो आणि त्याची ताकद घटते. गार पडलेल्या मज्जातंतूंतून संदेशही हळू जातात. माझी चिमूट आवळली जात नव्हती ती यामुळे. पाय अडखळतो, वेग आणखी उतरतो, उष्णता आणखी कमी निर्माण होते, स्नायू आणखी गार.

इथे मध्येच दम लागलेल्या वाचकाने एवढंच ध्यानात धरावं: पाऊस आणि वारा गोधडी काढून घेतात, दुखापत चूल विझवते. एकेकटं बहुतेकदा निभतं. दोन्ही एका वेळी आली तर घड्याळ सुरू झालं असं समजायचं.

हे कळण्यासाठी माणसं मरावी लागली. इंग्लंडमध्ये डर्बीशरच्या माळरानांवर ‘फोर इन्स’ नावाची तरुणांची लांब पल्ल्याची चालण्याची स्पर्धा होते. मार्च १९६४ मध्ये ती पाऊस-वाऱ्यात सापडली आणि तीन तरुण गारठून गेले. कडाक्याचा बर्फ नव्हता, तापमान शून्याच्या वरच होतं. ग्रिफिथ प्यू या शरीरशास्त्रज्ञाने या मृत्यूंचा अभ्यास केला. १९५३ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेचं शरीरशास्त्र सांभाळलं होतं ते यानेच. भिजलेले कपडे वाऱ्यात आपला बहुतेक रोध गमावतात, आणि जोवर माणूस जोरात चालत राहतो तोवर हे झाकलं जातं, असं त्याने दाखवून दिलं. दमून वेग उतरला की पडदा बाजूला होतो. मला प्यूचं हे काम त्याच्या एव्हरेस्टच्या कामापेक्षाही मोठं वाटतं, कारण एव्हरेस्टवर मोजके लोक जातात आणि पावसात सगळेच.

बोस्टन मॅरेथॉन २०१८ आठवा. १६ एप्रिल, तापमान तीन-चार अंश, मुसळधार पाऊस, आणि तोंडावर झोडपणारा वारा. अमेरिकेचा गॅलन रप आणि इतर अनेक नावाजलेले धावक शर्यत अर्ध्यात सोडून गेले. जिंकला जपानचा युकी कावाउची, सैतामा प्रांतात सरकारी नोकरी करणारा, २ तास १५ मिनिटं ५८ सेकंदांत. त्याच वर्षी १ जानेवारीला याच मॅसॅच्युसेट्स राज्यात मार्शफील्डला त्याने उणे १७ अंशांच्या आसपासच्या थंडीत मॅरेथॉन पुरी केली होती. कोरडी थंडी कितीही कडक असो, तिच्यात कपडे आपलं काम करतात. स्त्रियांमध्ये डेझ लिंडन २ तास ३९ मिनिटं ५४ सेकंदांत पहिली आली, अंगावरचं जॅकेट शेवटपर्यंत न काढता. सुरुवातीला तिला इतकं वाईट वाटत होतं की आपण बहुधा सोडून देऊ, असं तिने सोबतच्या शालेन फ्लॅनगनला सांगितलं होतं. मधे फ्लॅनगन प्रसाधनगृहात गेली तेव्हा ही तिच्यासाठी रेंगाळली, मग दोघींनी मिळून पुढचा घोळका गाठला. जिद्दीची गोष्ट म्हणून ती ऐकायला छानच आहे. मला मात्र आधी ते जॅकेट दिसतं.

आता वेदनेचं. वेदनेवरून दुखापतीचं मोजमाप करू नका, विशेषतः पावसात. शर्यतीच्या भरात मेंदू स्वतःच वरून खाली संदेश पाठवून मज्जारज्जूत वेदनेचा आवाज दाबतो. त्यात गारठ्याने घोटा बधिर झालेला असतो. बर्फाने शेकल्यावर बरं वाटतं तसंच हे, दुखापत तिथेच असते. काही जण शर्यतीआधीच आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेऊन येतात. लांब पल्ल्यात आधीच मूत्रपिंडांवर ताण असतो, रक्तपुरवठा घटलेला असतो. ही गोळी नेमका तो पुरवठा सांभाळणारी यंत्रणा रोखते. कृपा करून घेऊ नका.

घोट्याला बांधलेला काळा दोरा, तांब्याच्या धाग्यांचे नी-कॅप आणि ‘ऊब यावी म्हणून’ मारलेला रमचा घोट यांबद्दल मला दरवर्षी विचारतात. दोऱ्याने काहीच होत नाही, आणि तांबं नी-कॅपमध्ये असलं काय नि डब्यात असलं काय, गुडघ्याला त्याचा पत्ता लागत नाही. रमचं तसं नाही, तिने अपाय होतो. दारूने त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतात, अंग गरम वाटतं, आणि गाभ्यातली उष्णता बाहेर निघून जाते. वर कापरंही मंदावतं. त्यापेक्षा प्लॅस्टिकची मोठी काळी कचऱ्याची पिशवी घ्या, डोक्यासाठी आणि हातांसाठी भोकं पाडा आणि घडी करून कमरेला खोचून ठेवा. वजन नगण्य, वारा अडतो, आणि आतली हवा आतच राहते. भरीला गुळाचा एक खडा.

गाभ्याचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. ३२ च्या आसपास कापरं थांबतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की आता बरं आहे. त्याच्या कितीतरी आधी माणूस अडखळत बोलू लागतो, विचारलेल्याचं धड उत्तर देत नाही, ‘मी ठीक आहे’ म्हणतो आणि चालतच राहतो. तेव्हा त्याचं ऐकायचं नाही. ओले कपडे काढायचे, कोरड्यात गुंडाळायचं, शुद्धीवर असेल तर गोड गरम काहीतरी द्यायचं, आडवं करून हलक्या हाताने उचलायचं.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात, बाइयिन शहराजवळ पीत नदीकाठच्या दगडी सुळक्यांच्या प्रदेशात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. १७२ धावक सकाळी निघाले, बरेचसे शॉर्ट्स आणि पातळ टी-शर्टमध्ये. दुपारच्या सुमारास ते सर्वांत अवघड चढावर होते, जिथे गाडी पोचत नाही, आणि तिथेच गारा, गार पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. घसरून पडणारे पडले, दमलेले मंदावले. चांदीसारखी चकाकणारी तातडीची पातळ ब्लँकेटं वाऱ्याने फाटून उडाली. एका मेंढपाळाने एका धावकाला उघड्यावर थिजून उभं असलेलं पाहिलं, त्याला आपल्या गुहेत नेलं, शेकोटी पेटवली, कपडे वाळवले. त्या दिवशी त्याने सहा जणांना वाचवलं. २१ जण गेले, आणि त्यांत चीनमधला अव्वल अल्ट्रामॅरेथॉन धावक ल्यांग जिंग होता. जिद्दीत तो कुणाला हार जाणारा नव्हता.

वारा अडवणारं जॅकेट त्या शर्यतीत सक्तीचं नव्हतं, फक्त सुचवलेलं होतं. अनेकांनी ते आणलंही होतं. सामानाच्या पिशव्या आयोजकांनी पुढे नेऊन ठेवल्या होत्या, त्यांत ती जॅकेटं होती. ६२ व्या किलोमीटरवर, कोरडी.