अकरावी विज्ञान: जीवशास्त्राच्या पदवीसाठी विषयगट कसा निवडावा

राज्यात २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सर्वत्र केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. अर्जाच्या दुसऱ्या भागात शाखा निवडून जास्तीत जास्त दहा कनिष्ठ महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. विषयांचा गट पुढे महाविद्यालयात प्रवेश निश्चित करताना नोंदवला जात असला, तरी पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथेच प्रवेश घ्यावा लागतो. म्हणून आपल्याला हवा तो गट तेथे शिकवतात की नाही, याची चौकशी पसंतीक्रम भरण्यापूर्वीच करावी.

वैद्यकीय प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेला इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान हे विषय आवश्यक असून बारावीत या तीन विज्ञान विषयांत मिळून खुल्या वर्गाला ५०, तर मागासवर्गीयांना ४० टक्के गुण लागतात. परीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे असल्याने गणित सोडण्याकडे अनेकांचा कल असतो आणि केवळ वैद्यकीय शाखाच डोळ्यांसमोर असेल तर त्यात वावगे काही नाही. मात्र ज्याला डॉक्टर न होता जीवशास्त्रात संशोधन करायचे आहे, त्याने गणित ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्यातील आयसरसारख्या (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) संस्थांच्या प्रवेश परीक्षेला भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र यांपैकी तीन विषय घेतलेला विद्यार्थी बसू शकतो खरा, पण प्रश्नपत्रिकेत या चारही विषयांचे प्रत्येकी पंधरा प्रश्न असतात, आणि गणिताचे पंधरा प्रश्न कोरे सोडणे परवडत नाही. राज्याच्या सीईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतही जीवशास्त्राचा आणि गणिताचा गट वेगळा असतो आणि अभियांत्रिकीला गणिताच्या गटाचे गुण धरले जातात.

संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स हा द्विलक्षी (बायफोकल, म्हणजे व्यवसायाभिमुख) विषय घेताना विशेष सावध राहावे. २०० गुणांचा हा विषय द्वितीय भाषेसोबत आणखी एका विषयाची जागा घेतो आणि बहुतेक ठिकाणी ती जागा जीवशास्त्राची असते. गुण चांगले पडतात म्हणून द्विलक्षी घेणाऱ्यांना याची कल्पना अनेकदा फार उशिरा येते.

कागदपत्रांत दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. आरक्षणाचा लाभ घ्यायचा असल्यास जातीचा दाखला आणि प्रवर्गानुसार नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही जोडावे. महाविद्यालयातील अर्जावर विषयांची नोंद झाल्यावर त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि विषय बदलायचा असल्यास लेखी अर्ज वर्ग सुरू होताच द्यावा.