रूट असून "ऑपरेशन नॉट परमिटेड"? मॉड्यूलच्या एरर कोडची पार्श्वभूमी

लिनक्सचं कर्नल मॉड्यूल (कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, जोडायचा कोडचा तुकडा) लिहिताना इनिट फंक्शनमध्ये, म्हणजे लोड होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, काही फसलं की बरेच जण रिटर्न मायनस वन लिहून मोकळे होतात, आणि मग इन्समॉड (मॉड्यूल लोड करायची कमांड) मारल्यावर "ऑपरेशन नॉट परमिटेड" येतं, बरं कमांड रूटनेच, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरनेच, चालवलेली असते. मग सुडो तपासा, सिक्युअर बूट बंद करून बघा, अख्खी दुपार जाते. घोळ एवढाच की १ हा ईपर्म (EPERM) या एररचा नंबर आहे, परवानगी नाही म्हणून सांगणारा, आणि तो थेट जुन्या युनिक्समधून आलाय.

पीडीपी-११ या जुन्या कॉम्प्युटरवरच्या युनिक्समध्ये सिस्टम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे मागितलेलं काम) फसला की कॅरी बिट (प्रोसेसरमधली एक खूण) सेट व्हायचा आणि एरर नंबर आर-झिरो रजिस्टरमध्ये यायचा. १९७९ च्या व्हर्जन सेव्हनमध्ये यादी ३४ पर्यंत पोचली होती: २ फाइल नाही, १६ बिझी, १९ डिव्हाइस नाही, २५ तर चक्क "नॉट अ टायपरायटर". १९९१ ला टॉर्व्हाल्ड्सने लिनक्समध्ये हेच नंबर उचलले, फक्त कॅरी बिटऐवजी कर्नल नंबर मायनस करून परत देतो आणि सी लायब्ररी चिन्ह उलटवून तो एररनो या व्हेरिएबलमध्ये टाकते. मॉड्यूलच्या इनिटलाही तोच नियम, शून्य म्हणजे लोड झालं, मायनस म्हणजे गुंडाळा.

खरा गुंता नंतर झाला. २.४ पर्यंत सिंबॉल (मॉड्यूलने वापरलेली कर्नलमधल्या फंक्शन वगैरेंची नावं) जोडायचं काम इन्समॉड स्वतः करायचा, कर्नल डेव्हलपर रस्टी रसेलने ते २.५ च्या काळात कर्नलमध्ये नेलं आणि २००३ च्या शेवटी आलेल्या २.६ सोबत ते सगळ्यांकडे पोचलं. तेव्हापासून लोडरची (कर्नलमधल्या मॉड्यूल लोड करणाऱ्या कोडची) तक्रार आणि तुमच्या इनिटची तक्रार एकाच दारातून बाहेर येते, आणि आकडा कोणाचा हे इन्समॉडला कळायला मार्गच नाही. सिंबॉल सापडला नाही तर लोडर ईनोएंट (वरचाच २ नंबर) देतो, म्हणून इनिटमधून तो दिलात तर समोरचा "अननोन सिंबॉल" वाचून भलतीकडेच शोधत बसतो. ईएक्झिस्ट ("आधीच आहे" सांगणारी एरर) त्याहून वाईट, मॉडप्रोबला (लोड करायची दुसरी कमांड) वाटतं मॉड्यूल आधीच लोड आहे आणि तो गप्प बसतो.

म्हणून हार्डवेअर नसेल तर ईनोडेव्ह, मेमरी नाही मिळाली तर ईनोमेम, आणि आतल्या फंक्शनने एरर दिली असेल तर तीच जशीच्या तशी पुढे द्या, उगाच स्वतःची बनवू नका. मायनस द्यायला विसरलात तर मात्र गंमतच आहे, कर्नल लॉगमध्ये इनिटने काहीतरी संशयास्पद परत दिलं म्हणून कुरकुर करतो आणि मॉड्यूल तरीही लोड करून टाकतो.