पार्श्वभूमी : नारळ, बिदागी, मानधन, तारीख

आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहाची जुनी वही अजून मंदिराच्या कपाटात आहे. 1991 च्या पानावर काल्याच्या, म्हणजे समारोपाच्या, दिवशीचा खर्च एका ओळीत संपतो: महाराजांना (कीर्तनकारांना) नारळ, उपरणे, एस.टी. भाडे जाता-येता. काही वर्षांनी त्याच जागी ‘बिदागी’ येते, मग ‘मानधन’. शेवटच्या पानांवर तर फक्त ‘महाराज – ॲडव्हान्स’ एवढंच आहे. लोकप्रिय कीर्तनकार बिघडले का, या सध्याच्या भांडणाची निम्मी पार्श्वभूमी अशा शब्दांत आहे.

फार मागं जायची गरज नाही. नामदेवांची नरसी हिंगोलीत, जनाबाईंचं गंगाखेड परभणीत, एकनाथांचं पैठण गोदाकाठी; कीर्तन इथल्या, मराठवाड्याच्या, मातीतलंच. पण एक गोष्ट सांगायला हवी. कीर्तनकारानं काय बोलावं याची मर्यादा नाथांनी पैठणातच घालून दिली आहे. सगुण चरित्रं सांगावीत, सज्जनांना आधी वंदन करावं, भक्तिज्ञान सोडून इतर गोष्टी करू नयेत. ही संतांच्या घरची कीर्तनमर्यादा. म्हणजे व्यासपीठावर माणूस वाहवत जातो, हे तेव्हाही माहीत होतं. पुढं निजामाच्या काळात गश्ती नंबर 53 या परिपत्रकामुळं साधी सभा घ्यायलाही परवानगी लागायची. अशा दिवसांत देवळातली रात्र ही गावानं एकत्र बसायची जागा होती, आणि तिथं उभ्या राहणाऱ्या माणसाचं वजन आपोआप वाढलं. 1948 नंतर सभा मोकळ्या झाल्या, वजन मात्र राहिलं.

आता शब्दांकडं येतो, कारण सगळा गुंता तिथं आहे.

‘बिदागी’च्या मुळाशी बिदा, म्हणजे निरोप. पाहुणा निघताना हातावर ठेवायचं ते. त्यात भाव ठरत नाही, मागणं तर नाहीच. ‘मानधन’ची गंमत वेगळी. संस्कृतात मानधन हे माणसाचं विशेषण: मान हेच ज्याचं धन, तो. भारवीच्या किरातार्जुनीयात दुर्योधनाच्या योद्ध्यांना ते लावलंय, आणि तिथंच त्यांना ‘धनार्चित’ही म्हटलंय, म्हणजे मानी आणि वर धनानं पूजलेले. मराठीनं हा शब्द घेतला आणि मानाखातर दिलेली रक्कम असा त्याचा अर्थ केला. आता रक्कम वाढली की मान वाढला, असा हिशेब होतो. तिसरा शब्द ‘सुपारी’. तो तमाशाचा. जत्रेसाठी फड ठरवायचा तर सुपारी द्यायची, यात कमीपणा नव्हता, धंद्याची रीतच ती. पण ‘महाराजांनी सुपारी घेतली’ असं कुणी पारावर म्हटलं की डोकी फुटायची वेळ येते. म्हणून चौथा शब्द आला, तो सगळ्यात स्वच्छ दिसतो: ‘तारीख’. महाराजांची तारीख मिळाली, तारीख गेली, तारीख नाही. पैशाचं नावच नाही.

वाद घालणारे तुकोबांचा अभंग पुढं करतात. जेथे कीर्तन करावे, तेथे अन्न न सेवावे. बुक्काही लावून घेऊ नये, माळही नको, बैलाला दाणावैरणसुद्धा मागू नये. आजच्या मापानं हे भलतंच कडक आहे. कीर्तनाआधी ज्या घरी महाराजांचं जेवण असतं, त्या घरात दुपारपासून पुरणाची गडबड चालू असते. तिथंच अर्धा अभंग मोडला. त्यावर महाराजांच्या बाजूनं सांगतात की गाडीचं डिझेल म्हणजे द्रव्य नव्हे, सोबतच्या मृदंगाचार्याला आणि गायनाचार्याला लेकरंबाळं आहेत, आणि तुकोबांचा रोख कथा विकणाऱ्यांवर आहे. हा युक्तिवाद मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. कोरडवाहू घरातून आलेल्या पोरानं वर्षानुवर्षं पाठांतर करायचं आणि रिकाम्या हातानं परतायचं, हा नियम ज्यांची पंगत चुकत नाही त्यांनी सांगू नये. पण अभंगाची शेवटची ओळ दोन्ही बाजू अर्धीच म्हणतात. ‘तुका म्हणे द्रव्य घेती । देती तेही नरका जाती ॥’ घेणाऱ्यावर रान उठतं. देणारा म्हणजे गाव, त्याचं नाव कुणी काढत नाही.

देणाऱ्याची गोष्ट अशी. आळंदीला 1917 मध्ये कीर्तनकार घडवणारी शिक्षणसंस्था सुरू झाली, आणि मराठवाड्यातली पोरं तिकडं जाऊ लागली. शिकून आलेल्याची कीर्ती एस.टी. जाईल तेवढीच. पंचक्रोशीत चार सप्ताह, एखादा परजिल्ह्यात. पुढं कॅसेट आल्या, टपरीवर आवाज ओळखू येऊ लागला, पण तोंड ओळखायला मांडवातच यावं लागे. 2016 साली एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं आणि सप्टेंबरात स्वस्त इंटरनेट आलं. कीर्तनापुरतं बोलायचं तर दुसऱ्या गोष्टीनं जास्त उलथापालथ केली. दोन तासांच्या कीर्तनातला दीड मिनिटाचा तुकडा वेगळा निघाला. तो तुकडा प्रमाणाचा, म्हणजे दाखल्याच्या अभंगाचा, नसतो, चालीचाही नसतो. तो हशाचा असतो.

हे मी मांडवाच्या कडेला बसून पाहिलंय. महाराज अभंगाचं पहिलं चरण घेतात, टाळकरी उचलतात, मागं पोरं खुर्च्यांवर चुळबुळत असतात. मग सुनेवर, जीन्सवर किंवा मोबाइलवर एक टोला येतो आणि मांडव हलतो. स्टँडवर लावलेले चार-पाच मोबाइल एकदम सरळ होतात. पुढच्या वर्षी तोच टोला आधी येतो. त्याच्या पुढच्या वर्षी लोकच म्हणतात, महाराज, ते सुनेचं घ्या. अभंग कुठला होता हे घरी जाताना कुणाला विचारून बघा. हसणारे आपणच, टोले मोजून तारीख मागणारेही आपणच, आणि एखादा टोला अंगाशी आला की ‘महाराजांच्या नादी लागू नका’ म्हणून धावून जाणारेही आपणच.

2020 च्या फेब्रुवारीत शेजारच्या जिल्ह्यातल्या एका लाडक्या कीर्तनकाराचं सम-विषम तारखेला मुलगा-मुलगी होण्याबद्दलचं विधान गाजलं. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा 1994 चा कायदा त्यानं मोडला, असा आक्षेप आला. प्रकरण पुढं न्यायालयापर्यंत गेलं. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पण चाहते एक पाऊल मागं सरले नाहीत. दिलगिरी मागायला लावली म्हणूनच ते जास्त चिडले. मार्चमध्ये टाळेबंदी आली, सप्ताह बंद पडले. रिकाम्या सभागृहात मोबाइलसमोर कीर्तनं झाली. समोर जांभई देणारा म्हातारा नाही, चुकलेलं चरण सांगणारा विणेकरी नाही. बघणाऱ्यांचा आकडा मात्र होता, आणि तो वाढत होता. मांडव पुन्हा उभे राहिले तेव्हा काही महाराजांना आकड्याशीच बोलायची सवय लागली होती.

आता भांडण काल्याच्या कीर्तनावर आहे. आठव्या दिवसाचं हे कीर्तन जुन्या रीतीनं गावाशी नातं असलेल्या फडकऱ्याचं, म्हणजे वारकरी फडाच्या बुवाचं. मोठ्या नावासाठी ते काढून घेतलं जातं आणि त्याला मधली एखादी रात्र दिली जाते. आमच्याकडं असंच झालं. आमच्या कमिटीतल्या आप्पांनी ‘माऊली, काल्याची तारीख द्या’ म्हणून फोन लावला, तर पलीकडून ड्रायव्हर म्हणाला, ‘ॲडव्हान्स टाका, मग वही बघतो.’ ज्यांचा मान गेला ते पंचवीस वर्षं येणारे म्हातारेबुवा काही बोलले नाहीत. त्यांनी आपली रात्र केली, वहीत जुनाच शब्द लिहायला सांगितला, नारळ घेतला आणि मोटारसायकलवर मागं बसून गेले.

काल्याच्या दिवशी मोठे महाराज पावणेदोन तास उशिरा आले. कीर्तन रंगलं, हे नाकारता येत नाही. हंडी फुटली. वारकऱ्यांत कीर्तन संपलं की एकमेकांच्या पाया पडतात, सांगणारा ऐकणाऱ्याच्या आणि ऐकणारा सांगणाऱ्याच्या. महाराजांभोवती सेल्फीवाल्यांचं कडं पडलं आणि ते तसेच गाडीकडं गेले. सात दिवस पाळीपाळीनं वीणा खाली न ठेवणाऱ्यांपैकी शेवटचा विणेकरी गळ्यात वीणा तशीच धरून, वाकायचं कुणाच्या पुढं म्हणून, थोडा वेळ उभा होता. मग मृदंगाची गवसणी घालत बसलेल्या पोराच्या तो पाया पडला.